प्रोस्त्येयोव : टेनिसच्या पोरांचं गाव

निघायच्या आदल्या रात्री सर घरी आले ते बारा सोलापुरी टॉवेल घेऊन. "दुसऱ्याच्या घरी कार्याला जायचं आणि हात हलवत जायचं, हे बरं दिसतंय का?" म्हणाले आणि सगळे टॉवेल स्वतःच्या बॅगेत नीट रचून ठेवले. माझ्या बॅगेत कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी होती. अशा तयारीनं आम्ही दोघं चेक प्रजासत्ताकातल्या प्रोस्त्येयोव नावाच्या गावी गेलो आणि आठ दिवस राहून आलो.

सर ७१ वर्षांचे आहेत. मला रॅकेट धरायला त्यांनीच शिकवलं. आता मी त्यांच्याच कोर्टांवर शिकवते आणि स्पर्धा भरवायचं कामही बघते. पुढच्या हिवाळ्यात चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची सांघिक स्पर्धा भरवायची, शेजारच्या देशांतून एकदोन संघ आले तर तेही बोलवायचे, असं आमच्याकडे घाटतंय. सर म्हणाले, आधी ज्यांना हे जमतंय त्यांच्याकडे जाऊन बघून येऊ.

जमतंय ते प्रोस्त्येयोवला. चौदा वर्षांखालच्या संघांची जागतिक अंतिम स्पर्धा १९९१ साली सुरू झाली आणि १९९९ पासून ती ऑगस्टमध्ये याच गावात भरते. मुलांचे सोळा संघ, मुलींचे सोळा. प्रत्येक संघात तीन खेळाडू आणि एक कर्णधार. म्हणजे शंभरावर मोठी माणसं नि पोरं जगभरातून येतात, ती ज्या गावात येतात त्याची वस्ती पन्नास हजारांच्याही आत. आमच्या सोलापूरच्या एका कोपऱ्यात मावेल एवढं गाव!

शनिवार : पोचलो, बॅग नाही पोचली

मुंबईहून एक विमान बदलून प्राग. तिथं पट्ट्यावर माझी बॅग आली, सरांची आली नाही. दीड तास उभे राहिलो, अर्ज भरला, "दोन दिवसांत येईल" हे उत्तर घेतलं. सरांनी कपड्यांची चौकशी केली नाही. "टॉवेल गेले गं," एवढं दोनदा म्हणाले.

प्रागहून ओलोमोउत्सपर्यंत रेल्वेनं साधारण सव्वादोन तास, आणि तिथून लहान गाडीनं वीसेक मिनिटांत प्रोस्त्येयोव. हाना म्हणतात त्या सपाट, सुपीक पट्ट्यातून गाडी जाते. गव्हाची कापणी झालेली, मधे मधे मक्याचे हिरवे तुकडे. सर खिडकीला नाक लावून बसले होते. "काळी माती आहे," म्हणाले. खरंच होती.

जाणाऱ्यांसाठी : शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, ऑगस्टसाठी मे महिन्यातच करून टाका. हातातल्या पिशवीत दोन दिवसांचे कपडे आणि औषधं ठेवाच. चलन कोरुना, आम्ही गेलो तेव्हा एक कोरुना साधारण चार रुपयांना पडत होता.

रविवार : गाव

सामने सोमवारी सुरू व्हायचे होते, म्हणून सकाळभर गाव पाहिलं. मधल्या चौकाला चेकोस्लोव्हाकियाचे पहिले अध्यक्ष मासारिक यांचं नाव आहे. तिथं नव्या टाउनहॉलचा ६६ मीटर उंच मनोरा आहे, पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या सुमाराला पुरा झालेला. थोडं चाललं की नारोद्नी दूम लागतं, म्हणजे राष्ट्रीय सदन. यान कोटेरा या वास्तुविशारदानं ते बांधलं, १९०७ मध्ये उघडलं. नाटकगृह, सभागृह, उपाहारगृह सगळं एका छपराखाली. गावानं गावासाठी बांधलेली वास्तू आहे ती, आणि आत शिरल्यावर हे सांगावं लागत नाही.

तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल इथला. आणि ओटो विख्तरले इथलाच, १९१३ चा जन्म. या माणसानं १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, लहान मुलांच्या मर्कुर या जोडणीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतायचं यंत्र जुळवलं. माझ्याकडे शिकणाऱ्या चार मुली लेन्स लावून खेळतात. घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांना हे सांगितलं.

मला मात्र जास्त लागली ती दुसरी गोष्ट. प्रोस्त्येयोव हे तयार कपड्यांचं गाव. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळापासून इथं शिवलेले कपडे दूरदूर जायचे. पुढं कपड्यांचा एक प्रचंड कारखाना झाला आणि तो २०१० च्या सुमाराला दिवाळखोरीत गेला. सर हे ऐकून बराच वेळ गप्प होते. त्यांचे वडील आमच्या जुन्या गिरणीत कामाला होते. "भोंगा बंद झाला की गाव कसं होतं, मला विचार," म्हणाले. मग कोर्टांच्या दिशेनं चालायला लागले.

चौकातून पायी पंधरा-वीस मिनिटांत टेनिस क्लब येतो. तोमाश बेर्दिख, लुत्सिए शाफार्झोवा हे नावाजलेले खेळाडू इथं घडले. पेत्रा क्वितोवा फुल्नेक नावाच्या लहान गावातून सोळाव्या वर्षी इथं आली आणि २०११ व २०१४ मध्ये विम्बल्डन जिंकली. आम्ही पोचलो तेव्हा एकेका कोर्टावर सराव चालला होता, फाटकाशी झेंडे बांधणं सुरू होतं. कुणी अडवलं नाही. आठवडाभर आम्हाला तिकीटही कुणी विचारलं नाही.

सोमवार : अठ्ठेचाळीस सामने

लढतीची रीत साधी आहे. दोन एकेरी, एक दुहेरी. चार-चार संघांचे गट, पहिले तीन दिवस गटातल्या प्रत्येकाशी एकेक लढत. सरांनी वहीत हिशेब मांडला : मुलांच्या आठ लढती, मुलींच्या आठ, प्रत्येकी तीन सामने, म्हणजे दिवसाला ४८ सामने. आमच्याकडे ४८ सामने म्हटले की रात्री अकराला दिव्याखाली दुहेरी चालू असते आणि पोरं बाकावर झोपलेली असतात.

इथं कोर्टाकोर्टावर फिरून मी एकच गोष्ट बघत होते : कोण कशाची वाट बघतंय? जवळपास कुणीच नाही. पुढची जोडी कोर्टाबाहेर उभी असते, तिला माहीत असतं आपण कुठं खेळणार. गटिंग करणाऱ्याकडे, म्हणजे रॅकेटच्या तारा ओढून देणाऱ्याकडे, रॅकेट टाकली की चिठ्ठी मिळते. पाणी कोर्टाच्या आत असतं, बाहेर नाही. प्रत्येक गोष्ट लहान आहे. पण तेरा वर्षांचं पोर घरापासून दहा हजार किलोमीटरवर असतं तेव्हा याच लहान गोष्टी त्याला सावरून धरतात.

कर्णधार कोर्टवर खुर्ची टाकून बसतो आणि बाजू बदलताना पोराशी बोलू शकतो. एरवी टेनिस फार एकटं असतं. सांघिक स्पर्धेत ते एकटेपण कमी होतं, आणि मला तर वाटतं या वयात आधी हेच टेनिस खेळायला हवं.

दुपारी दक्षिण अमेरिकेतल्या एका संघातली मुलगी एकेरी हरली, मग दुहेरीही. कोर्टावर ती ताठ होती. नंतर हॉलच्या मागं, सायकली लावतात तिथं, रॅकेटच्या बॅगेवर बसून रडत होती. मी जवळ गेले नाही. तिची कर्णधार आली, शेजारी खाली बसली, काही बोलली नाही.

मी तिच्याच वयाची असताना पुण्याला राज्य स्पर्धेला गेले होते. सकाळी साडेनऊला पहिल्या फेरीत हरले. दुपारच्या एसटीनं सोलापूर, सरही बरोबर. बाबांनी रजा टाकली होती, खर्च झाला होता, आणि मी एकूण पंचेचाळीस मिनिटं टेनिस खेळले. संध्याकाळी सरांना हे आठवून सांगितलं तर म्हणाले, "माझ्या लक्षात आहे ते. मी इथं तेवढंच बघायला आलोय. हरलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी काय करतंय?"

मंगळवार : विटांचा चुरा

सकाळी सात वाजता सर खोलीत नव्हते. फोन उचलेनात. घाबरून क्लबवर गेले, तर ते कोर्टाच्या कडेला उभे, आणि कोर्ट राखणाऱ्या एका आजोबांशी गप्पा चाललेल्या. सरांना चेक येत नाही, आजोबांना इंग्रजी येत नाही. तरी पाऊण तास बोलणं चाललं होतं.

आमचं कोर्ट मुरमाचं. पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्यानं रेघा ओढायच्या. युरोपातलं लाल कोर्ट म्हणजे विटांचा चुरा. वरचा थर काही मिलिमीटरचाच, त्याच्या खाली जाड भरड थर, त्याच्याखाली खडी, म्हणजे पाणी खाली झिरपून जातं. रेघा पांढऱ्या पट्ट्यांच्या, खिळ्यांनी ठोकलेल्या. सामना संपला की जाळी ओढत बाहेरून आत गोल गोल फिरायचं, मग ब्रशनं रेघा झाडायच्या. चुरा कोरडा पडला की उडतो आणि पाय घसरतो, म्हणून दुपारच्या उन्हात पाणी मारणं फार महत्त्वाचं. चेंडूचा ठसा मातीत उमटतो. वाद झाला की पंच खुर्चीवरून उतरून ठसा बघायला येतात. चौदा वर्षांच्या पोरासाठी खुर्चीवरून उतरून येणं, हे मला फार आवडलं.

आजोबांनी सरांच्या हातात पाण्याचा पाइप दिला. सरांनी आमच्या पद्धतीनं, अंगठा धरून फवारा पसरला. आजोबांनी पाहिलं आणि मान हलवली. त्या दिवसापासून सर रोज सातला तिथं.

जेवणाबद्दल. आम्ही दोघंही शाकाहारी. दुपारी अकरा ते दोन बहुतेक ठिकाणी ठरावीक जेवण मिळतं, स्वस्त पडतं. स्माझेनी सीर म्हणजे तळलेलं चीज आणि बटाटे, हे सगळीकडे. ब्रांबोराक मात्र चुकवू नका : किसलेल्या बटाट्याचं, लसूण घातलेलं धिरडं. सरांनी त्यावर शेंगाचटणी घातली आणि दोन खाल्ली. फळं भरून उकडलेले क्नेडलीक, म्हणजे पिठाचे गोळे, जेवण म्हणून खातात, वर लोणी आणि साखर. लसणीचं सूप चवदार, पण त्यात मांसाचं पाणी आहे का हे आधी विचारा. नळाचं पाणी पिता येतं. दुकानात शिरताना "दोब्री देन" म्हणायची पद्धत आहे. म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो.

रात्री बॅग आली. सरांनी आधी टॉवेल मोजले. बारा.

बुधवार : वादळ

सकाळपासून उकडत होतं, तीस अंशांच्या वर. तीनच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ आपल्या वळवासारखं काळं झालं. पंचांनी सामने थांबवले, आणि दोन मिनिटांत असा पाऊस आला की समोरचं कोर्ट दिसेना. सगळी पोरं, कर्णधार, आम्ही, छपराखाली दाटीवाटीनं.

बॉल उचलणारी गावातली मुलं भिजून कुडकुडत होती. सर उठले, बॅग उघडली (ते ती सकाळीच घेऊन आले होते) आणि एकेक टॉवेल वाटायला लागले. रुंद काठाचे, भडक निळे, लाल, हिरवे. एका पोरानं डोक्याला गुंडाळला. अकरा गेले. बारावा सरांनी परत ठेवला.

एक बाई पुढं आल्या. त्यांची मुलगी बॉल उचलणाऱ्यांत होती. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, मी लहान असताना मीसुद्धा इथं हेच करायची. मला त्या क्षणी या गावाचं गणित सुटलं. पंचवीसच्या वर वर्षं एकच स्पर्धा एकाच गावात भरली की बॉल उचलणारी मुलगी आई होते, आणि तिची मुलगी तीच कामं बघत वाढते. हे कुठल्याही पैशानं एका वर्षात उभं राहत नाही.

पाऊस चाळीस मिनिटांनी थांबला. आमच्या मुरमाच्या कोर्टावर असा पाऊस झाला तर दोन दिवस पाय ठेवता येत नाही. इथं सगळे बाहेर पडले, साचलेलं पाणी स्पंजनं टिपलं, ओल्या जागी कोरडा चुरा टाकला, जाळी फिरवली. साडेपाचला पुन्हा खेळ. ऑगस्टमध्ये उजेड साडेआठपर्यंत असतो, त्यामुळे दिवसाचे सामने दिवसातच संपले.

गुरुवार : ओलोमोउत्स

सकाळी अर्धा दिवस ओलोमोउत्स. पवित्र त्रयीचा स्तंभ ३५ मीटर उंच, १७१६ ते १७५४ एवढा काळ बांधत होते, २००० पासून जागतिक वारसा यादीत. पण टाउनहॉलवरचं खगोलीय घड्याळ दुपारी बाराला बघाच. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ते मोडलं आणि १९५० च्या दशकात नवं केलं तेव्हा संतांच्या जागी कामगार आणि शेतकरी आले. बाराला ते फिरतात. या भागातलं त्वारूश्की नावाचं चीज वासाला जबर. सरांनी खाल्लं, मी नाही.

दुपारी परत, कारण गुरुवारपासून खरी गोष्ट सुरू होणार होती. गटात पहिले-दुसरे आलेले संघ एक ते आठ क्रमांकांसाठी खेळतात. तिसरे-चौथे आलेले घरी जात नाहीत. ते नऊ ते सोळासाठी खेळतात. हरत गेलं तरी गुरुवारी लढत, शुक्रवारी लढत, शनिवारी लढत. प्रत्येक संघ सहा दिवस खेळतो. सरांनी वहीत "सहा" लिहून त्याभोवती गोल केला.

शुक्रवार

दिवसभर खालच्या क्रमांकांचेच सामने पाहिले. मुख्य कोर्टावर गर्दी होती, तिकडं फिरकलो नाही. ती दक्षिण अमेरिकेतली मुलगी पुन्हा हरली, पण आता तिचा खेळ वेगळा होता. सोमवारी ती चेंडू फार पुढून घेत होती, मातीवर उंच उडणारा चेंडू तिच्या खांद्याच्या वर जात होता. शुक्रवारी दोन पावलं मागं सरकली होती आणि वाट बघायला शिकली होती. पाच दिवसांत पाच लढती हरून शिकली. पहिल्याच हरण्यानंतर घरी पाठवली असती तर कुठं शिकली असती?

शनिवार : पंधरावी जागा

शेवटच्या दिवशी मुलींच्या पंधराव्या-सोळाव्या जागेची लढत सकाळी होती. प्रेक्षक तीसेक. कोर्ट तसंच झाडलेलं, बॉल उचलणारी तितकीच, पंच खुर्चीवर. आजोबा स्वतः पाणी मारून गेले होते. सरांनी हे सगळं एकेक करून वहीत उतरवलं.

एकेरीत एक-एक. म्हणजे दुहेरीवर निकाल. ती मुलगी दुहेरीत होती. पहिला सेट जिंकल्या, दुसऱ्यात १-४ नं मागं पडल्या, मग एकेक गेम ओढून आणला. शेवटचा गुण तिनं नेटवर घेतला, आणि बाकावरची तिसरी मुलगी धावत कोर्टात शिरली. तिघी एकमेकींच्या गळ्यात. त्यांच्या कर्णधारीण बाई डोळे पुसत होत्या. आठवड्यातली त्यांची ही एकच जिंकलेली लढत.

मी टाळ्या वाजवताना रडले. सर शेजारी उभे होते, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेरा वर्षांची असताना एसटीत ठेवला होता तसाच.

जिंकलेली मुलगी स्वतःच जाळी घेऊन कोर्ट फिरवायला लागली. सरांनी बारावा टॉवेल काढला आणि आजोबांना दिला. त्यांनी उलगडून पाहिला, काठावर बोट फिरवलं, उलटा करून विणकाम पाहिलं. कपड्यांच्या गावातला माणूस. खांद्यावर टाकला आणि दुसऱ्या कोर्टाकडे गेले, तिथं अंतिम लढतीपूर्वीचं पाणी मारायचं होतं.

जाणाऱ्यांसाठी : अंतिम सामने बघाच, पण शेवटच्या दिवशी सकाळी लवकर जा आणि कडेच्या कोर्टांवर फिरा. टोपी आणि रेनकोट दोन्ही ठेवा. रविवारी लहान दुकानं बंद असतात, प्रवासाचं खाणं शनिवारीच घ्या.

रविवार : परतीची गाडी

प्रागच्या गाडीत सरांनी वही उघडली. आमच्याकडे कोर्टं चार. आठ संघ बोलावले तर चार-चारचे दोन गट, तीन दिवस. मग एक ते चार आणि पाच ते आठ, दोन दिवस. रोज चार लढती, कोर्टाला एक. पाच दिवसांत २० लढती, ६० सामने. बाद पद्धतीनं केलं तर सात लढतींत संपतं आणि पहिल्या संध्याकाळी चार संघ सामान बांधतात.

गाडीला रेंज आली तसा त्यांनी आमच्या सेक्रेटरींना फोन लावला. पलीकडून खर्चाचं काहीतरी विचारलं असावं.

"तीन नाही, पाच दिवस," सर म्हणाले. "हो, आठही संघ. हरलेले पण. जेवणाचं काय एवढं, भाकरी आपण घालू की. तू फक्त तारखा लिहून घे."